कुलूप कोणत्या बाजूला होतं?

थांबा थांबा थांबा! हातातलं काम बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं पोट फुटेल. समोर चाचांची नवी पाटी लागलीये! मी आमच्या दुकानात गल्ल्यावर बसून तिच्याकडे बघत बघतच हे टाईप करतेय, आणि मागे अब्बा... नाही, अब्बांचं शेवटी. पाटीवर काय आहे तेपण शेवटी. आधीचं सांगितलं नाही तर मजाच कळायची नाही.

तर शनिवार पेठेत आमचं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. आणि समोर, मधे एक रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता सोडून, चाचांचं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. चाचा म्हणजे अब्बांचे चुलतभाऊ. दोघांचे आजोबा एकच. त्यांना आमच्याकडे सगळे दादामियाँ म्हणतात. ते फार लवकर गेले, म्हणजे ना अब्बांनी त्यांना पाहिलंय ना चाचांनी. मग त्यांच्या दोन मुलांनी समोरासमोर दोन दुकानं थाटली आणि दोघांनी आपापल्या मुलाला लहानपणापासून सांगितलं की मूळ दुकान आपलंच. आता ते दोघंही नाहीत. विचारायचं कोणाला?

एका गोष्टीवर मात्र दोन्ही घरांचं एकमत आहे. दादामियाँच्या दुकानाबाहेर लाकडाचं एक भलंमोठं कुलूप टांगलेलं असायचं. हत्तीच्या पेटीला लावावं एवढं. ज्याला वाचता येत नाही त्यालापण लांबून कळावं की इथे कुलपं मिळतात. ते कुलूप पुढे कुठे गेलं कोणाला माहीत नाही, पण ते जिथे टांगलेलं होतं ते मूळ दुकान, हे नक्की. आमच्या पाटीवर काय लिहिलंय? ‘हेच मूळ दुकान. समोरच्यांशी आमचा काहीही संबंध नाही.’ चाचांच्या पाटीवर? सेम. शब्दाला शब्द सेम.

आणि संबंध नाही म्हणजे कसा नाही, तर चाचा रोज सकाळी चहा आमच्याच दुकानात पितात. फक्त दाराबाहेर स्टूलवर, आमच्या पाटीकडे पाठ करून बसतात.

गेल्या महिन्यात हिंजवडीहून एक मुलगा आला होता. नवीन फ्लॅट, डिजिटल कुलूप, बॅटरी संपली आणि हा बाहेर. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही पाट्या वाचत होता. मग म्हणाला, "काका, दोघांतलं ओरिजिनल कोणतं?"

अब्बा इकडून म्हणाले, "हे."

चाचा तिकडून म्हणाले, "हे."

तो म्हणाला, "काही प्रूफ?"

झालं! अब्बांना एवढं लागलं ते की ते पायरीवर येऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ते कुलूप समोर होतं असा एक पुरावा आणा कोणी. एक! त्या दिवशी ही पाटी मी माझ्या हाताने उतरवीन."

"मी पण!" चाचा तिकडून ओरडले. "ते तुझ्या बाजूला निघालं तर मी माझी उतरवतो. शब्द आहे!"

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का, तर मी हिस्ट्रीत एमए करतेय. चाचा म्हणाले, "दिवसभर त्या लॅपटॉपमध्ये मान घालून बसतेस, काढ की पुरावा."

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी असाइनमेंट दिली होती. परदेशातली एक जगड्व्याळ लायब्ररी आहे, तिने तिच्याकडचे जुने फोटो, नकाशे, पत्रं असं सगळं ऑनलाईन टाकलंय, कोणीही बघा, फुकट. त्यातून आपल्या भागाबद्दलचा एक प्रायमरी सोर्स शोधायचा. म्हणजे नंतर कोणी लिहिलेलं पुस्तक चालणार नाही, त्या काळातल्या माणसाने त्याच काळात केलेली वस्तू हवी. आणि सापडली की तिला तीन प्रश्न विचारायचे. तुला कोणी केलं? कशासाठी केलं? आणि तू माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आलीस? पहिले दोन मला भारी वाटले. तिसरा मी वहीत लिहिला आणि विसरले. लक्षात ठेवा हां हे.

शोधायला बसले तर काय, मी आधी ‘लॉक शॉप’ टाकलं. इंग्लंडमधले कालवे आले! ढिगाने कालवे! तिकडे कालव्याच्या दारांनापण लॉक म्हणतात म्हणे. मग आमच्या गल्लीचं नाव टाकलं. शून्य. पेठेचं टाकलं. पाच-सहा नकाशे, ज्यात आमची गल्ली म्हणजे केसाएवढी रेघ. मग फक्त फोटो ठेवले, बाकी सगळं बंद केलं, ‘पूना’ टाकलं, आणि हत्ती, पर्वती, घोड्यावरचे साहेब, परत हत्ती. मी वैतागून आंबा बर्फी खाल्ली.

आणि खाताखाता डोक्यात आलं, की अरे, मी माझे शब्द का टाकतेय? लेबल मी थोडीच लिहिलंय! ते लिहिलंय कुठल्यातरी साहेबाने, ज्याला आमची गल्ली ना नावाने माहीत ना गावाने. त्याला काय दिसलं असेल? रस्ता. माणसं. एवढंच. मग मी ‘रस्त्यातलं दृश्य’ असलं काहीतरी इंग्रजीत टाकलं आणि त्यात शनिवारवाड्याचा एक फोटो आला. त्याच्याखाली बारीक अक्षरात होतं, या पेटीतल्या इतर वस्तू बघा. मी दाबलं. ती एका साहेबाच्या काचपट्ट्यांची पेटी निघाली. म्हणजे काचेच्या छोट्या तुकड्यावर फोटो असतो, तो दिव्यासमोर धरायचा की भिंतीवर मोठा दिसतो. साहेब घरी परत गेल्यावर आपल्या गावातल्या लोकांना हे दाखवत असणार. बघा मी कुठे कुठे फिरून आलो!

एक घाट, एक बैलगाडी, कोणाचंतरी लग्न, आणि मग एक पट्टी, जिच्यावर फक्त लिहिलेलं, ‘रस्ता, पश्चिम हिंदुस्थान’.

रस्त्याच्या टोकाला शनिवारवाड्याचा बुरूज. मी दुकानाच्या पायरीवरून रोज बघते तोच!

आणि एका दुकानाबाहेर टांगलेलं, माणसाच्या छातीएवढं, कुलूप.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, अम्मी पोळपाट घेऊन बाहेर आली. आणि मग मी काय केलं? फोटो नीट बघितला? छे! मी तो तसाच्या तसा खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘सापडलंऽऽऽ’, आणि पुढे एवढी उद्गारचिन्हं की मोबाईलला घाम फुटला असेल.

पहिला व्हॉइस मेसेज चाचांचा. "वाह बेटा, वाह! अगं हे दादामियाँ! कुलपाखाली बसून खातायत ना, तेच! कान बघ, कान! माझेच कान!" आणि मागून त्यांनी स्वतःचा बाजूने काढलेला सेल्फी पाठवला, नुसता कान. आणि खरं सांगते, कान तोच होता. रिक्षाचं दार उघडं राहावं तसा.

मग चाचांचाच मेसेज: ‘बेटा, समोर बुरूज दिसतोय ना? मग कुलूप कोणत्या हाताला आहे?’

मी धाडकन टाईप केलं: ‘उजव्या!’

आणि पाठवून झाल्यावर मी कपाळावर हात मारला. कारण गल्लीत बुरुजाकडे तोंड करून उभं राहिलं की आमचं दुकान डाव्या हाताला येतं. उजव्या हाताला चाचांचं.

पुढच्या क्षणाला समोरून, ग्रुपवर नाही, खरंच रस्त्यापलीकडून, चाचांचा आवाज आला. "शिडी आणू काऽऽ?"

अब्बा किल्ली कापत होते. त्यांनी मशीन बंद केलं. माझ्या मोबाईलमध्ये तो फोटो बघितला. खूप वेळ बघितला. मग म्हणाले, "शिडी आपलीच आहे. गल्लीत दुसरी कुठाय?" आणि समोर बघून म्हणाले, "रविवारी उतरवतो. सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "अब्बा, सॉरी..."

"सॉरी काय त्यात? पुरावा मागितला, तू आणलास."

अम्मीने मात्र सोडलं नाही. "एवढी फी भरून शिकवलं, ते स्वतःच्या घरची पाटी उतरवायला. छान! आता पुढच्या वर्षी पीएचडी कर, दुकानपण जाऊ दे."

हसू नका, मला खरंच रडायला येत होतं. कारण ती पाटी अब्बांच्या अब्बांनी स्वतः रंगवलेली आहे. त्यातला ‘मूळ’ थोडा वर गेलाय, कारण रंगवताना शिडी हलली होती, आणि ती खालून अब्बांनी धरली होती, लहान असताना. हे अब्बा येईल त्या गिऱ्हाईकाला सांगतात. त्या आठवड्यात कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी फडक्याने पाटी पुसायचे फक्त.

शुक्रवारी बाजीचा मेसेज आला. बाजी म्हणजे चाचांची मुलगी, माझ्याहून मोठी, हिंजवडीला कंपनीत आहे, म्हणजे अर्धं आयुष्य कंपनीत आणि अर्धं कंपनीच्या बसमध्ये. बस अडकलेली आणि ही बसल्या बसल्या तो फोटो मोठा करून बघत होती. व्हॉइस मेसेजमध्ये मागे नुसते हॉर्न.

"ए, ऐक ना. हे आपले दादामियाँ ना? एवढे नेक, एवढे शिस्तीचे? डाव्या हाताने खातायत बघ! आणि मी लहानपणी डाव्या हाताने बिस्किट उचललं तरी अब्बू टपली मारायचे! मला न्याय पाहिजे!"

मी हसले. आणि मग हसता हसता थांबले. फोटो परत काढला, लायब्ररीच्या साईटवरून, मोठ्यात मोठा. कुलपाखाली दादामियाँ, ताटली उजव्या हातात, घास डाव्या हातात. बरं, असेल. रस्त्याच्या कडेला एक न्हावी बसलाय, डाव्या हाताने वस्तरा चालवतोय. असेल बाबा. मागे एकजण साहेबाला सलाम करतोय, डाव्या हाताने. एक माणूस पाणी पितोय, डाव्या हाताने! त्या काळात अख्खं पुणं डावखुरं होतं का?

मी फोटो मोबाईलमध्ये आडवा उलटा केला. आरशात दिसतो तसा. आणि सगळे एकदम उजवे झाले. न्हावी, सलामवाला, दादामियाँ, सगळे. आणि कुलूप गेलं डावीकडे.

काचपट्टी! काच दोन्ही बाजूंनी आरपार दिसते ना! साहेबाच्या पेटीतून लायब्ररीत गेली, तिथे कोणीतरी स्कॅन करताना ती उलट्या बाजूने ठेवली, आणि त्या बिचाऱ्याला काय कळणार, तो कुठे आमच्या गल्लीत आलाय? तू माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आलीस. मॅडमचा तिसरा प्रश्न. वहीत होता हो!

मी धावत अब्बांकडे गेले. त्यांनी उलटा केलेला फोटो बघितला, परत साईटवरचा बघितला, आणि मोबाईल परत दिला. "हे तू बोटाने केलंस. बोटाने तू माझ्या धडावर गाढवाचं डोकंपण लावशील. हा काय पुरावा आहे?"

"अहो अब्बा, पण सगळे डाव्या हाताने..."

"चाचाला पटव. मला पटून काय उपयोग? मला तर पटणारच."

बरोबर होतं त्यांचं. मी लायब्ररीला मेल टाकला, तर तिकडून आपोआप उत्तर आलं की आपला संदेश मिळाला, आम्ही सवडीने कळवू. सवडीने! इथे रविवार आला! मग मी बाजीला फोन केला. ती म्हणाली, "अब्बूंना फोटो दाखवून काही होणार नाही. त्यांच्या तोंडूनच काढायचं. तू फक्त विचार. मी पाठीशी उभी आहे."

"अगं पण तुझ्याच घरची पाटी जाईल."

"टपल्यांचा हिशोब मोठा आहे माझा."

रविवारी सगळी गल्ली जमली. आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, नागपूरकडच्या, त्या चहाचा कप घेऊन जिन्यातच बसल्या. "काय होऊन राह्यलं जी? कोणाचं काय उतरवून राह्यले?" अब्बांनी शिडी लावली. दुसऱ्या पायरीवर चढले. चाचा खाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे, एवढे खूश की कान लाल झालेले.

मी म्हटलं, "चाचा, एक मिनिट. फोटोतले हे दादामियाँच ना? नक्की?"

"शंभर टक्के! कान बघ."

"दुसरं कोणी असेल. एखादं गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक? माझ्या दादामियाँना मी ओळखणार नाही?"

"पाहिलंय कुठे तुम्ही त्यांना?"

"कानावरून ओळखलं! रक्ताचं नातं आहे ते!"

"बरं. कसे होते ते? लोक काय सांगतात?"

चाचा एकदम गंभीर झाले. "नेक माणूस. शिस्तीचा. दस्तरखानावर, जेवताना, कोणी चुकीचा बसलेला खपायचा नाही त्यांना."

"मग ते डाव्या हाताने का खातायत?"

चाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला, माझ्या हातातून मोबाईल घेतला. फोटो मोठा केला. बाजी मागून गोड आवाजात म्हणाली, "अब्बू, मला तर टपली मिळायची."

"गप्प बस तू."

"आणि हा न्हावी बघा चाचा," मी म्हटलं. "हा सलाम बघा."

काकूंनी जिन्यातून वाकून बघितलं. "आणि ही बाई पाहा ना, घागरवाली. नथ उजवीकडे घालून राह्यली! उजवीकडे कोण घालते, माय?"

मी फोटो उलटा केला. चाचा बघत राहिले. त्यांना सुटायला जागा होती बरं का. ते म्हणू शकले असते, हे दादामियाँ नाहीतच. किंवा असतील डावखुरे, काय झालं? मी घाबरून बाजीकडे बघत होते. अब्बा शिडीवर तसेच, एक हात पाटीवर.

चाचांनी मोबाईल मला परत दिला. म्हणाले, "दादामियाँ डाव्या हाताने खाणार नाहीत. पाटी जाईना का." आणि वर बघून म्हणाले, "उतर खाली. शिडी दे."

अब्बा उतरले. शिडी उचलली आणि स्वतः नेऊन समोर लावली. "हळू चढ. तिसरी पायरी कच्ची आहे." आणि खालून धरून उभे राहिले.

स्क्रू गंजलेले. निघेनात. अब्बांनी दुकानातून तेलाची कुपी आणून वर दिली. चाचांनी दोन थेंब सोडले, वास घेतला आणि म्हणाले, "हे तेलपण दादामियाँच्याच काळातलं दिसतंय." गल्ली हसली. पाटी उतरली. आणि सुलट फोटोत चाचांच्या दुकानाच्या जागी काय आहे माहितीये? एक भिंत आणि तिला बांधलेली शेळी. दोन दिवस ग्रुपवर सगळे फक्त शेळ्या पाठवत होते.

पण अब्बांना जिंकून काही सुख नव्हतं. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि म्हणायचे, "टकलासारखं दिसतं ते. बघवत नाही." चाचा चहाला यायचे, पण आता पाठ करून बसायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे कुठे बघावं त्यांना कळायचं नाही. मधेच लायब्ररीचा मेल आला. त्यांनी मूळ काचपट्टी पेटीतून काढून तपासली, ती खरंच उलटी स्कॅन झाली होती, आता साईटवर फोटो सुलटा लावलाय, आभार. मी नाचले. मॅडमनी असाइनमेंटवर एवढंच लिहिलं, ‘तिसरा प्रश्न आधी विचारला असता तर?’ चाचांना मेल वाचून दाखवला तर म्हणाले, "मला आधीच माहीत होतं," आणि चहा संपवून निघून गेले.

आणि आज सकाळी! दुकान उघडायच्या आधीच ठोकाठोकी. चाचा स्वतःची नवी शिडी घेऊन आलेत. बाजी खालून शूटिंग करतेय. पाटी वर गेली, कापड काढलं. पिवळ्यावर काळी अक्षरं, सुबक, जाड:

‘समोरचे दुकान मूळ आहे. त्यांची कुलपेही त्याच काळातली आहेत. नवी हवी असल्यास इकडे यावे.’

शब्द पाळला! पूर्ण पाळला! आणि वर हे!

लोक येता-जाता थांबून फोटो काढतायत. बाजीचा व्हिडिओ मला माझ्याच कॉलेजच्या ग्रुपवरून परत आलाय. अब्बांनी पाटी वाचली. एकदा वाचली, चष्मा घालून परत वाचली. खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं काय झालं, तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चहावाल्याला दोन चहा सांगितले आणि समोर बघून ओरडले, "ये रे, थंड होईल." चाचा आले. आणि आज अब्बांनी स्टूल असं फिरवून ठेवलं की समोरची पाटी दोघांनाही दिसेल.

आता चाचा गेलेत, आणि मागे अब्बा पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहितायत, खोडतायत, परत लिहितायत. आत्ताच विचारलं मला, "ए, नवं कुलूप लवकर बिघडतं, हे पाटीवर टोचेल असं कसं लिहायचं गं?"

मी पळते, शिडी धरायची वेळ येणार बहुतेक. पण जाता जाता खरं सांगा हां, तुमच्यापैकी कोणी असा घाईघाईत ग्रुपवर फोटो टाकून स्वतःच्याच घरची पाटी उतरवायची वेळ आणलीये का? तुमच्याकडच्या जुन्या फोटोतले लोक घास कोणत्या हाताने घेतायत, बघितलंय का कधी?